शीव दाखवणारा भूमिहीन का राहिला? परभणीच्या जमीन मोजणीचा आपल्या बाजूने वाचलेला इतिहास

जुन्या गावगाड्यात दोन गावांच्या शिवेवरून तंटा पेटला की पाटील-कुलकर्णी चावडीत बसत, पण निकाल त्यांच्या दप्तरातून निघत नसे. निकाल निघायचा महाराच्या पायांतून. त्याला शपथ घालून पुढे चालायला लावत आणि तो ज्या वाटेने चालेल ती शीव धरली जाई. ठरलेल्या दिवसांत त्याच्या घरात आजार किंवा मरण आले, तर त्याची साक्ष खोटी ठरे. म्हणजे जमीन गावाची आणि जीव टांगणीला महाराचा!

ज्या माणसाच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती, त्याला त्याच गावाच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. बांधन् बांध त्याला पाठ होता, पण त्याच्या मालकीचा बांध नव्हता. हा विरोधाभास आपण नेहमी अस्पृश्यतेच्या अंगाने मांडतो. आज मी तो जमीन मोजणीच्या अंगाने मांडणार आहे. कारण परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात गायरान कसणारा आपला माणूस आजही एकच कोंडी घेऊन उभा आहे. सातबारा नाही म्हणून मोजणी होत नाही, आणि मोजणी नाही म्हणून सातबारा होत नाही.

माझा मुद्दा सरळ आहे. मोजणी ही गणिताची विद्या आहे, यात वाद नाही. पण कोणाची जमीन मोजायची, कोणासाठी मोजायची आणि शेवटी कोणाचे नाव लिहायचे, हे गणित ठरवत नाही. ते सत्ता ठरवते. म्हणून ही विद्या आपल्या हातात आल्याशिवाय जमिनीचा लढा पुरा होणार नाही.

काठी, दोरी आणि बिघा

जमीन मोजणे इंग्रजांनी आणले, हा गैरसमज आधी काढून टाकू. मराठवाड्याच्या मातीत मोजणीचा इतिहास त्याहून जुना आहे. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. १६२६ मध्ये तो वारला. जमिनीची पाहणी करून, तिचा कस बघून सारा ठरवण्याची त्याची पद्धत त्याच्या मागेही दख्खनेत नावाजली गेली. गुलाम म्हणून आलेल्या माणसाने महसुलाची घडी बसवली, हे जातीच्या गुणवत्तेचे पोवाडे गाणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावे.

त्यानंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना दिवाण मुर्शिदकुली खान याने मोगलांची मोजणीची पद्धत इकडे लागू केली. शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोच्या देखरेखीखाली काठीने जमीन मोजली गेली. काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर.

पण या सगळ्या मोजण्यांची मर्यादा एकच होती. मोजायचे ते सारा बसवण्यासाठी. प्रत्येक शेताचा वेगळा नकाशा, प्रत्येक शेताला वेगळा क्रमांक, असे काही नव्हते. शेताची हद्द लोकांच्या आठवणीत असे, आणि गावाची हद्द महाराच्या आठवणीत. जोवर हद्द आठवणीत होती, तोवर महाराच्या ज्ञानाला किंमत होती. मोबदला नव्हता, मान नव्हता, पण त्याला वगळून काम होत नव्हते. साखळी आली आणि हे ज्ञान त्याच्या डोक्यातून निघून कागदावर गेले. कागद मात्र ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्याच घरी राहिला.

साखळी आली

पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोठी मोजणी केली. ती फसली. शेताच्या उत्पन्नाचे अंदाज चुकले, सारा डोईजड झाला, रयत गाव सोडून जाऊ लागली. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. यातला विंगेट लष्करातला इंजिनिअर होता. त्यांचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि आजही आपला सातबारा त्याच पायावर उभा आहे.

पद्धत समजून घेऊ, कारण ती समजली नाही तर भूमी अभिलेख कार्यालयात आपण नुसते मान हलवत राहतो. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेतातून एक सरळ रेषा टाकायची. त्या रेषेवरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर घ्यायचे. काटकोन धरण्यासाठी शंकू नावाचे साधे लाकडी साधन. अशा रीतीने वाकड्यातिकड्या शेताचे त्रिकोण आणि चौकोन पडतात, त्यांची क्षेत्रे काढून बेरीज केली की शेताचे क्षेत्र. ही सगळी मापे ज्या कागदावर उतरवतात तो म्हणजे टिपण. शेतांची टिपणे जुळवली की गावनकाशा.

क्षेत्रानंतर प्रत. मातीचा रंग, पोत आणि खोली बघून जमिनीला सोळा आण्यांपैकी किती आणे द्यायचे ते ठरे. खोल काळी जमीन वरच्या प्रतीची, बरड मुरमाड जमीन तळाची. चुनखडी, उतार, पाणी साचणे असे दोष असले की आणे कमी होत.

आता चूक कुठे होते ते बघा. साखळी रोज ओढून ओढून लांबते. ३३ फुटांची साखळी चार इंच जरी वाढली, तरी जमिनीवर जास्त अंतर असताना कागदावर कमी साखळ्या मोजल्या जातात. लांबी-रुंदी दोन्हींत ही चूक येते, म्हणून क्षेत्रात ती दुप्पट होते, म्हणजे शेकडा दोन. चार एकराच्या शेतात तीन गुंठ्यांहून जास्त जमीन कागदावरून गायब! आपल्या वस्तीत कित्येकांचे अख्खे घर एका गुंठ्यात बसते, हे आठवले म्हणजे या चार इंचांची किंमत कळेल.

त्यात परभणीची काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. हद्दीचा दगड अशा मातीत सरळ उभा राहत नाही. तो कलतो, सरकतो, नांगराच्या फाळाने उखडतो. दगड हलला की टिपण बोलते, आणि टिपण ज्याला वाचता येते त्याच्या बाजूने बोलते.

हे झाले महसुलाच्या मोजणीचे. याच काळात देशभर दुसरीही एक मोजणी चालू होती, ती पृथ्वीचा आकार शोधणारी त्रिकोणमितीय मोजणी. ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. एकीकडे डोंगरमाथ्यावर थिओडोलाइट लावून शेकडो मैलांचे कोन मोजण्याइतके शास्त्र पुढे गेले होते. दुसरीकडे गावात तेच शास्त्र कुळकर्ण्याच्या दप्तरात शिरले की जातीचे गुलाम होत होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाषीवर, साऱ्याच्या वाढीवर आणि मधल्या भटकामगारांवर आसूड ओढला तो उगाच नाही. यंत्र निष्पक्ष असते, पण ते ज्याच्या हातात असते तो निष्पक्ष असेलच असे नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

निजामाची पैमाईश

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी राज्यकारभाराची नवी घडी बसवायला घेतली. १८६० च्या दशकात जिल्हे पाडले गेले, १८७० च्या दशकात मोजणीचे खाते उभे राहिले. पद्धत मुंबई इलाख्याचीच उचलली. बिघ्याच्या जागी एकर-गुंठे आले, शेताला सर्व्हे नंबर आला. कागद मात्र उर्दूत आणि मोडीत, साल फसली. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघते. जुने दप्तर बघायला जाणाऱ्याने हा हिशोब पाठ करून ठेवावा.

राज्यातली सगळी जमीन एका जातीची नव्हती. ढोबळमानाने साठ टक्के दिवाणी, म्हणजे सरकारच्या थेट ताब्यात. तीस टक्के जहागिरी. आणि दहा टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खाजगी खर्चाची. जहागिरीत जहागीरदाराचा शब्द कायदा. अशा राज्यात गावकुसाबाहेरच्या माणसाची नोंद कोणत्या रकान्यात होणार?

मोजणी कामगार गावात आला की त्याच्यापुढे कोण चालायचा? महार. हद्द कोण दाखवायचा? महार. निशाण धरून उन्हात उभा कोण राहायचा, दगड डोक्यावर वाहून आणून कोण पुरायचा? महारच. ही सारी कामे वतनात धरलेली, म्हणजे फुकट. मोजणीदाराला पगार, कुलकर्ण्याला हक्क, पाटलाला मान, आणि महाराला शिळे तुकडे! महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजणी सहायकांची नावे शोधायची असतील तर ती कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाहीत. पण गावागावातला प्रत्येक हद्दीचा दगड त्यांच्या डोक्यावरून आलेला आहे.

हाडोळा: जमीन की साखळदंड?

कोणी म्हणेल, महाराला वतनाची जमीन होतीच की. हो, होती. तिचे नावच सगळे सांगून जाते: हाडकी-हाडोळा. मेलेली ढोरे ओढायची, हाडे उचलायची, त्याच्या बदल्यात मिळालेला तुकडा. तो एकाच्या नावावर नसे. कागदावर ‘महार समस्त’ अशी नोंद. दर पिढीला भावकी वाढत जायची आणि वाटा कमी होत जायचा. चार-दोन गुंठ्यांच्या आशेवर अख्खी वस्ती गावाच्या चोवीस तासांच्या चाकरीला बांधलेली.

हा साखळदंड तोडता येतो, हे राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये दाखवून दिले. त्यांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली आणि जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयताव्याने करून दिल्या. सेवा सुटली, जमीन राहिली. राज्यकर्त्याची इच्छा असली की एका हुकमाने काय होऊ शकते, याचा हा पुरावा.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. मागणी हीच, की ज्याला सेवा नको त्याची जमीन पूर्ण साऱ्यावर त्याच्याकडे राहू द्या आणि त्याला वेठीतून सोडा. ते विधेयक मंजूर झाले नाही. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच्याही कितीतरी आधी, १९१८ मध्ये, तरुण बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. शेत लहान आहे म्हणून शेती तोट्यात आहे, तुकडे एकत्र करा म्हणजे झाले, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा सूर होता. बाबासाहेबांनी तो खोडून काढला. शेताचा आकार नुसता एकरात मोजून कळत नाही, त्यावर लावलेले श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणात तो मोजावा लागतो, असे त्यांनी दाखवले. मोजपट्टी कोणती हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि हा प्रश्नच क्रांतिकारी आहे.

पुढे पश्चिम महाराष्ट्रातली कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने संपली. मराठवाड्यात जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, इनामांसाठी हैदराबाद राज्याचा १९५४ चा वेगळा कायदा होता. आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. कायदे झाले, पण ‘समस्त’ नावाच्या जमिनींची वाटणीनुसार पोटहिस्सा मोजणी अनेक ठिकाणी झालीच नाही. जमीन भोगवटादार वर्ग-२ मध्ये अडकून पडली. कसतो एक, नाव पणज्याचे, हद्द कोणालाच माहीत नाही, अशी तिची अवस्था. अशा जमिनीवर शेजारचा मोठा शेतकरी दर नांगरटीला एक-एक तास आत सरकतो, आणि आपण कोर्टात जायचे म्हटले तर हातात टिपणही नसते.

शिवना नदी ते गायरान

शिवेचा अर्थ बाबासाहेबांना किती नेमका ठाऊक होता, याचे एक उदाहरण मराठवाड्याच्या इतिहासातच आहे. निजामाच्या राज्यात त्यांना भाषणाला बंदी होती. भाऊसाहेब मोरे यांनी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरवली. शिवना नदी ही दोन राज्यांची हद्द, आणि मक्रणपूर नदीपलीकडे ब्रिटिश मुलखात. बंदीचा हुकूम नदीच्या अलीकडे राहिला, बाबासाहेबांचा आवाज पाण्यावरून मराठवाड्यात पोहोचला. हद्द ही सत्तेची मर्यादाही असते. ती कुठून कुठे जाते हे ज्याला माहीत, तो तिचा उपयोग करू शकतो.

हैदराबाद मुक्त झाल्यावर १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मागणी होती सरकारी पड आणि गायरान जमिनीची. शेकडो माणसे तुरुंगात गेली. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये खानदेश-नाशिक भागात, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून साऱ्या देशात भूमिहीनांचा लढा उभा केला. लाखो स्त्री-पुरुष त्यात तुरुंगात गेले.

गायरानच का? कारण मोजणीने जी जमीन कोणाच्याच नावावर लावली नाही, ती हीच. गायरान म्हणजे बहुतेक ठिकाणी माळ, बरड, उतार. येलदरीचे पाणी असो की जायकवाडीचा डावा कालवा, कालव्याचे पाणी उताराने खाली जाते, आणि वरचा माळ सहसा कोरडाच राहतो. सोळा आण्यांतली तळाची जमीन आपल्या माणसांनी दगड वेचून, बांध घालून पिकाखाली आणली. तिच्यासाठी मारही खाल्ला. १९७८ च्या नामांतर दंगलीत परभणी-नांदेडच्या खेड्यांत आपली घरे जळाली, ती फक्त विद्यापीठाच्या नावासाठी नव्हती. गायरानावर उभे राहिलेले आपले पीकही काहींच्या डोळ्यांत खुपत होते.

१-ई ची नोंद

शासनाने २७ डिसेंबर १९७८ आणि नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयांनी गायरानावरची जुनी अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. दुसऱ्या निर्णयातली शेवटची तारीख १४ एप्रिल १९९०. बाबासाहेबांची जन्मशताब्दी म्हणून ही तारीख धरली. पण लाभ कोणाला? ज्याच्याकडे पुरावा आहे त्याला. आणि मुख्य पुरावा कोणता? तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि दंडाच्या पावत्या.

वीस वर्षे जमीन कसली, पण तलाठ्याने १-ई ला नावच घेतले नाही, तर? नाव घेतले पण क्षेत्र अंदाजाने टाकले, तर? चार एकर कसणाऱ्याच्या नावापुढे एक एकर लिहिले, तर? इथे पुन्हा तोच मोजणीचा प्रश्न येतो. मोजणीचा अर्ज धारकाने करायचा आणि अतिक्रमण करणारा कायद्याच्या नजरेत धारक नाही. म्हणजे ज्याला मोजणीची सर्वात जास्त गरज, त्यालाच तिचा अधिकार नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीक पाहणीत नोंद नाही, पीक कर्ज नाही, विमा नाही, अतिवृष्टीची मदत नाही. आणि उद्या माळावरून महामार्ग निघाला, संयुक्त मोजणीला अधिकारी आले, तर मोबदल्याच्या यादीतही नाव नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतात की गायरान जनावरांचे आहे, ते खाऊ कसे देता? मग जरा गावनकाशा काढा. गायरानावर दवाखाने, शाळा, साखर कारखाने, मोठ्यांच्या संस्था, खदानी किती आहेत ते मोजा. तेव्हा जनावरे आठवत नाहीत. आणि गावात ढोरे असतात कोणाची? भूमिहीनाकडे दोन शेळ्या. गायरान राखा म्हणताना ते कोणाच्या दावणीसाठी राखायचे, हेही सांगा.

दुसरा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाचा. जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, आणि राज्य शासनाने १२ जुलै २०११ ला त्यानुसार निर्णय काढला. हे खरे. पण तोच निकाल शेवटपर्यंत वाचा. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, किंवा तिथे आधीपासून शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल, हे न्यायालयानेच लिहून ठेवले आहे. नोटीस काढणारे पहिला परिच्छेद वाचतात, शेवटचा वाचत नाहीत. तो वाचून दाखवण्याचे काम आपले.

रोव्हर आला, पण कोणासाठी?

आता साखळी गेली. इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आले, उपग्रहावरून जागा सांगणारे रोव्हर आले, ज्यात चूक काही सेंटिमीटरची. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत आणि घराघराची मालमत्ता पत्रिका निघते आहे. चांगले आहे. पण ‘गावठाण’ या शब्दावर थांबा. आपली वस्ती ऐतिहासिकदृष्ट्या गावकुसाबाहेर. अनेक गावांत ती गावठाणाच्या रेषेच्या बाहेर, गायरानावर वाढलेली. ड्रोन आकाशातून दोन्हीकडची छपरे सारखीच बघतो. रेषेच्या आतल्या छपराला पत्रिका आणि बाहेरच्याला अतिक्रमणाची नोटीस, हा भेद यंत्र करत नाही. दीडशे वर्षांपूर्वी आखलेली रेषा तो करते.

रेकॉर्ड शोधायची इच्छा असली की शासन काय करू शकते, तेही आपण नुकतेच पाहिले. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकालीन दप्तरे उघडून मोडी-उर्दू कागदांतून कुणबी नोंदी शोधल्या. त्यावर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: त्याच कपाटांत, त्याच कागदांत महार, मांग, चांभार यांच्या इनाम जमिनींच्याही नोंदी आहेत. त्या शोधायला समिती कधी?

करायचे काय?

समिती येईल तेव्हा येईल. तोवर चार कामे आपल्याला करता येतात.

पहिले, गावनिहाय कागद गोळा करा. १-ई ची नक्कल, वर्ग-२ जमिनींचा नमुना १-क, गावनकाशा, टिपण, आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक. खासऱ्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद असते, म्हणून ते सोन्यासारखे. शोधताना लक्षात ठेवा की जुना परभणी जिल्हा मोठा होता. परतूर १९८१ मध्ये जालन्यात गेले, हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला.

दुसरे, गायरान कसणाऱ्यांनी आपापले शेत स्वतः मोजून ठेवा. फोनवरचे जीपीएस काही मीटर चुकते, ते कायदेशीर मोजणीच्या जागी चालणार नाही. पण चारी कोपऱ्यांचे आकडे, तारखेसह फोटो आणि शेजाऱ्यांचे जबाब हा ताब्याचा पुरावा उभा करायला उपयोगी आहे.

तिसरे, गावाने मिळून मागणी करा, की १-ई मधल्या प्रत्येक नोंदीची शासनाने स्वखर्चाने मोजणी करावी आणि ‘समस्त’ जमिनींची पोटहिस्सा मोजणी करावी. एकट्याचा अर्ज टेबलावर राहतो, दोनशे जणांचा मोर्चा राहत नाही.

चौथे आणि सर्वात महत्त्वाचे. आपल्या वस्तीत सिव्हिल डिप्लोमा झालेली, आयटीआयमधून सर्व्हेअर झालेली पोरे-पोरी आहेत. काही भूकरमापक म्हणून नोकरीला लागली आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीला द्यावा. टिपण कसे वाचायचे, नकाशाचे प्रमाण कसे लावायचे, गुणाकार कसा तपासायचा, एवढे शिकवावे. ‘शिका’ म्हणजे नुसती पदवी घ्या असा त्याचा अर्थ नाही. ज्या कागदाने आपल्याला बाहेर ठेवले तो कागद वाचायला शिका, असाही आहे.

आपल्या आज्याला शीव पाठ होती. त्याच्याकडे पाय होते, लेखणी नव्हती. आपल्याकडे लेखणी आहे आणि रोव्हर चालवता येणारे हातही आहेत. आता शीव दाखवून गप्प बसायचे नाही. त्या शिवेच्या आत आपले नाव लिहून घ्यायचे आहे.

जय भीम!